सित्र्याची गवर

मी एक निवृत्त नाणं बोलतेय. निवृत्त म्हणायचं ते आपलं अब्रू राखायला. खरं तर मला नोकरीवरून काढून टाकलं. आणि नाणं असून हे बाईसारखं का बोलतंय, असं मनात आलं असेल तर माझ्या तोंडाकडे बघा. माझ्या एका अंगाला बाईचा चेहरा कोरलेला आहे, चांगला ठसठशीत. तेव्हा मी बाईच्याच तोंडानं बोलणार, आणि जरा जास्तच बोलणार.

माझा जन्म १९२९ सालचा, लंडनच्या टांकसाळीतला. माझा देश मात्र तिथून लांब, बाल्टिक समुद्राच्या काठी. लात्व्हिया त्याचं नाव. पहिलं महायुद्ध संपता संपता तो स्वतंत्र झाला होता, आणि नवं घर बांधलेल्या माणसाला दारावर पाटी लावायची घाई असते ना, तशी त्याला स्वतःच्या नाण्यांची घाई होती. मी पाच लातचं नाणं, लात हे तिथलं चलन. चांदीची, तुमच्या जुन्या रुपयापेक्षाही मोठी. माझ्या पुढच्या अंगाला गावाकडच्या पोशाखातली तरुणी आहे, डोक्याला साज, खांद्यावर वेणी आणि वेणीशी धान्याची कणसं. मागच्या अंगाला देशाची राजमुद्रा, आणि ती धरून उभे एक सिंह आणि एक पंखवाला प्राणी.

मी इतकी देखणी निघाले की लोकांना मला खर्चायचं जिवावर येई. लोणी, मासे, बूट घ्यायला माणसं फाटक्या नोटा पुढे करत आणि मला खिशात मागे सारत. नाण्यानं फिरायचं असतं, पण माझा बराचसा काळ ट्रंकेत गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. शेजारच्या मोठ्या देशानं माझा देश गिळला, दुकानात रूबल चालू झाला आणि आमची जेमतेम बारा वर्षांची नोकरी संपली. ना पेन्शन, ना निरोप समारंभ.

तेव्हा बायकांनी एक युक्ती केली. त्यांनी माझ्यासारख्यांच्या पाठीला पिना डागून घेतल्या आणि आम्हाला छातीवर लावून मिरवायला सुरुवात केली. माझ्याही पाठीला अशीच एक पीन आहे. ती डागून घेतली आर्विड्सच्या आईनं. युद्धाच्या शेवटी आर्विड्स मिसरूड फुटायच्या वयाचा होता. माणसं होड्यांतून पळत होती. आईनं त्याला होडीत बसवलं, छातीवरून मला काढलं, त्याच्या सदऱ्याच्या आत टोचलं आणि ती स्वतः काठावर राहिली. पोराचे आजी-आजोबा घरात अंथरुणाला खिळलेले, ती कशी येणार? त्यानंतर मायलेकांची भेट नाही.

पुढे आर्विड्स खलाशी झाला. आज या झेंड्याच्या जहाजावर, उद्या त्या. मी त्याच्या सदऱ्याच्या आत, घाम आणि डिझेल यांच्या वासात. मी एवढं जग पाहिलं म्हणता म्हणता खरं तर पाहिलं काय, तर एका माणसाची बनियन.

अशी तीसेक वर्षं गेल्यावर आमचं जहाज तेल भरायला बहरीनला आलं. सित्र्याच्या धक्क्याला लागायच्या आधीच आर्विड्सच्या पोटात असं काही दुखायला लागलं की तो डेकवर गडाबडा लोळला. त्याला दोरानं खाली एका लाँचमध्ये उतरवलं. जहाजांचे दोर बांधणारी ती लाँच, आणि तिच्यावर होता शिवदास.

शिवदास देवगडकडचा. मिशा भरघोस, वरचा एक दात सोन्याचा, पोहणं माशासारखं आणि इंग्रजी चार शब्दांचं. त्या चार शब्दांतला एकही त्या वेळी उपयोगाचा नव्हता, म्हणून त्यानं आर्विड्सचं डोकं मांडीवर घेतलं आणि धक्का येईपर्यंत मालवणीत त्याची समजूत काढली. धक्क्यावर सलमानियाच्या इस्पितळाची गाडी उभी होती. आर्विड्सला वाटलं, तिथे आपले कपडे काढतील, कुठे टाकतील देव जाणे. त्यानं मला सोडवलं, शिवदासच्या तळहातावर ठेवलं, वरून त्याची बोटं मिटली आणि काहीतरी पुटपुटला. मी जवळच होते, मला ऐकू आलं. तो म्हणाला, 'सांभाळ.' पण म्हणाला आमच्या भाषेत!

शिवदासला वाटलं, बिचाऱ्यानं जीव वाचवल्याबद्दल भेट दिली. आता यात त्याची काय चूक? शुक्रवारी सुट्टीला तो थर्मासमध्ये पेज घेऊन इस्पितळात गेला, तर खाटेवर दुसराच माणूस. आर्विड्सचं पोट कापून शिवून त्याला विमानात बसवून पुढच्या बंदरात जहाजावर धाडलं होतं. शिवदासनं ती पेज तिथेच व्हरांड्यात बसून स्वतः प्यायली आणि मला खिशात घालून घरी आणलं.

त्या खिशात मला बहरीनची फिल्स भेटली, खजुराचं झाड मिरवणारी. त्यांचा देशही नुकताच स्वतंत्र झालेला, त्यामुळे पोरं जरा तोऱ्यात होती. मी त्यांना सांगितलं, बाबांनो, फिरता येतंय तोवर फिरून घ्या. त्यांनी ऐकलं नाही. तरुण नाणी कोणाचं ऐकतात?

घर म्हणजे सित्र्यातल्या हुस्नाबाईंच्या अंगणातली एक खोली. हुस्ना तिथलीच, विधवा, खजुराच्या पातींच्या टोपल्या विणणारी. तिच्या अंगणात एक शेळी, दोन खजूर आणि हे भाडेकरू. भाडेकरू नव्हे, भाडेकरीण म्हणा. कारण शिवदास दिवसभर लाँचवर, आणि नुकताच फॅमिली व्हिसा मिळून आलेली त्याची बायको रखमा दिवसभर खोलीत. कोणाशी बोलायचं? हुस्नाला मालवणी येईना, हिला अरबी. दोघी हातवारे करत, हसत, आणि हिंदीचे चारदोन शब्द इकडून तिकडे फेकत. आत आली की रखमाचं हसू मावळे. मी खिडकीत पडून ते रोज बघत होते.

शिवदासनं पहिल्याच दिवशी मला तिच्यासमोर धरलं होतं.

"देवी हा गो. आपणहून हातात इली."

रखमानं मला पदरानं पुसलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.

"अगो बाय! केसात कणसां हत. आणि मागे सिंव्ह. आणि काय होया?"

एवढ्यावर माझी नेमणूक झाली. मुलाखत नाही, दाखला नाही. तिकडे मला वर्षानुवर्षं कोणी विचारत नव्हतं आणि इथे एका मिनिटात थेट देवी. मी नाही म्हणाले नाही. तुम्ही म्हणाला असता?

आता खरी गोष्ट. भाद्रपद आला. कोकणात गौरीपुढे भरली सुपं ओवाळतात तो ओवसा, आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा म्हणजे साधी बाब नाही. गौर ठराविक नक्षत्रावर येते त्याच वर्षी तो करायचा. ते वर्ष हुकलं की पुन्हा तसा योग येईपर्यंत थांबायचं. रखमाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि गावात सासूबाईंच्या मैत्रिणींना दुसरा विषय नव्हता. सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोपावर निरोप धाडले होते: औंदा योग हा, ओवसो चुकवू नको. रखमाला वाटे, हा चुकला तर आपण त्या घरची सून झालोच नाही. ती हे बोलत नसे, पण भाकरी थापताना तिचे हात मधेच थांबत.

गौरीचा मुखवटा घेऊन गाववाला महादेव येणार होता. त्याची रजा लांबली. महादेवही नाही, मुखवटाही नाही, आणि गौर ज्याची बांधतात तो तेरडा तर बहरीनच्या वाळूत औषधालाही मिळेना. शिवदास डोकं धरून बसला. रखमा मात्र उठली.

"मुखवटो नाय म्हणान ओवसो रवतलो? ही बसली हा काय?" तिनं मला खिडकीतून उचललं.

तेरड्याच्या जागी तिनं हुस्नाच्या शेळीचा चारा घेतला. जत म्हणतात त्याला तिकडे, हिरवागार, लुसलुशीत, पेंढ्या बांधून विकतात. त्याची जुडी बांधली, तिला स्वतःची लग्नातली हिरवी साडी गुंडाळली, आणि वर मला टोचलं. आर्विड्सच्या आईनं डागून घेतलेली पीन असल्या कामाला येईल हे कोणाला ठाऊक होतं! सुपं नव्हती, तर हुस्नानं खजुराच्या पातींची पाच पसरट ताटं विणून दिली. कशाला हवीत ते तिनं फारसं विचारलं नाही. पोटावरून हात फिरवून म्हणाली, "बेबी? इंशाल्ला, इंशाल्ला," आणि रखमा लाजून आत पळाली.

माझ्या कपाळाला हळद लागली, कुंकू लागलं. केसांतल्या कणसांत अक्षता अडकल्या. अंगणात ती शेळी दिवसभर माझ्या कमरेखालच्या भागाकडे टक लावून उभी होती. देवीकडे इतक्या भक्तिभावानं कोणी बघितलेलं मी पाहिलं नाही.

पूजेच्या दिवशी सकाळी रखमा घावणे घालत होती, घाटलं चुलीवर होतं, सुपं भरून तयार होती. तेवढ्यात अंगणाच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. लांबोडकं, लालसर, हातात कागदी पिशवी. मी बघितलं आणि ओळखलं. आर्विड्स! त्याचं जहाज पुन्हा धक्क्याला लागलं होतं, आणि 'मिशा, सोन्याचा दात' एवढ्या खुणेवर त्यानं सित्रा पालथा घातला होता. संध्याकाळी जहाज सुटणार होतं.

शिवदास त्याला बघून आधी खूश झाला. "अरविंद!" म्हणून त्यानं मिठीच मारली. इस्पितळात चौकशी करताना कानावर पडलेलं नाव त्यानं तसं लावून घेतलं होतं. मग आर्विड्सनं बोटांनी गोल करून दाखवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "माय मदर."

शिवदासचा चेहरा उतरला. त्याच्या सगळं लक्षात आलं. भेट नव्हती, ठेव होती. त्यानं एकदा आत बघितलं, जिथे बायको ओवशाची सुपं मांडत होती, आणि मान हलवून तिकडच्या अरबीत 'नाही' म्हणाला, "मफी. मफी. नो."

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान ती वस्तू नजरेआड तरी असावी! मी आत समईच्या उजेडात लखलखत बसले होते, कुंकवासकट. आर्विड्सनं दारातूनच मला पाहिलं. तो उंबऱ्यापाशी थबकला.

रखमा बाहेर आली. "कोण तो?"

"तोच. जहाजावरचो. पोटात दुखणारो." शिवदास पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "ती तेच्या आवशीची हा. माका ठेवूक दिल्यान हुती."

"मगे मफी मफी काय करतास? गवरीसमोर खोटा बोलतास?"

"तुझो ओवसो गो..."

त्या क्षणी रखमाला काय काय वाटलं, मला ठाऊक आहे. मी तिच्यासमोरच बसले होते. एवढी जुळवाजुळव, एवढी वाट पाहणं, आणि भरल्या सुपांसमोरून गौरच उठून चालली. तिचे डोळे भरले. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तेका आत बोलवा. पाट घाला. गवरीक न्हेवक माहेरचो माणूस इलो हा, तेका दारात काय उभो करतास?"

आर्विड्सला पाटावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले त्याचे. रखमानं त्याच्यासमोर घावणे-घाटलं वाढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हिचा घर खंय ता इचारा."

शिवदासनं आपल्या इंग्रजीची सगळी पुंजी खर्च केली. आर्विड्सनंही केली. बराच वेळ हात हलले. मग शिवदास म्हणाला, "तेचो देस खलास झालो म्हणता."

"देस खलास कसो होता? बुडालो?"

"बुडाक नाय. जमीन थयच हा. नाव पुसल्यानी."

"आणि आवस?"

"ती थयच रवली. परत भेट नाय."

रखमानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मगे ही जातली खंय?"

याचं भाषांतर शिवदासनं केलं नाही. करायची गरजच पडली नाही. आर्विड्सनं हातातला घावण्याचा तुकडा परत ताटात ठेवला. मला इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला रडू आलं. चांदीला पाणी सुटत नाही म्हणून निभावलं.

मग रखमानं ओवसा केला. त्याच्यासमोर, त्याच्याच आईच्या नाण्यासमोर. सूप हातात घेऊन माझ्यापुढे ओवाळलं, पाचही सुपं ओवाळली, आणि हात जोडून इतका वेळ उभी राहिली की घाटलं करपायला आलं. ओवशाचं सूप वडीलधाऱ्यांना द्यायचं असतं आणि त्यांनी त्यात काहीतरी घालायचं असतं. एक सूप हुस्नाला दिलं. तिनं हातातली एक काचेची बांगडी काढून घातली. एक दिलं आर्विड्सला.

त्याला कळलं की आपणही काही घालायचं आहे. त्यानं खिसे चाचपले, मग माझ्याकडे बघितलं. तुम्हाला वाटलं असेल, आता हा मलाच सुपात घालतो. मलाही वाटलं. पण नाही हो! त्यानं ती कागदी पिशवी उघडली आणि सुपात ठेवले लोकरीचे हातमोजे. शिवदाससाठी जहाजावर बसून स्वतः विणलेले, आमच्या गावाकडच्या नक्षीचे, जाडजूड. भाद्रपदात, बहरीनमध्ये. शिवदासनं ते तिथल्या तिथे हातात घातले आणि घामानं निथळत बसला, पण काढले नाहीत.

खरं तर गौरीनं त्या रात्री राहायचं असतं. "काल येवन आजच जातली? अशी लेक कोण धाडता?" रखमा म्हणाली, पण जहाज थांबणारं नव्हतं. तिनं अक्षता टाकून मला हलवलं, साडीवरून सोडवलं. राहिलेले घावणे फडक्यात बांधले. मला आर्विड्सच्या हातावर ठेवलं, आणि धक्क्यावर आर्विड्सनं जशी शिवदासची बोटं मिटली होती तशीच तिनं आर्विड्सची मिटली.

"दोघांवय परत येवा," ती म्हणाली. "ह्या माहेर समजा."

आर्विड्सला यातलं एकही अक्षर समजलं नाही, पण तो दोनदा मान हलवून हो म्हणाला; अर्थ शिवदासनं मग वाटेत हातवारे करून सांगितला. आम्ही अंगणाबाहेर पडलो तेव्हा शेळी सोडलेली होती आणि माझ्या कमरेखालच्या भागाचं विसर्जन यथास्थित चाललं होतं.

त्यानंतर जहाजं कुठे कुठे गेली. आर्विड्सनं माझ्या कणसांतलं कुंकू कधी घासून काढलं नाही. डेकवरच्या सोबत्यांनी विचारलं की तो म्हणे, "हिला माहेर आहे." ते हसत. मी तोऱ्यात असे.

पण खलाशाचं येणं कंपनीच्या हातात. भाद्रपद आला की आम्ही कधी ब्राझीलला, कधी आफ्रिकेच्या टोकाला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, पुढची मोजणं मी सोडून दिलं. नोकरी गेली तेव्हा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. मनात येई, रखमाकडे आता खरा मुखवटा आला असेल, पितळेचा, नाकात नथ घातलेला. बारा वर्षं चाललेल्या नाण्याची आठवण कोण ठेवतो?

आणि आज आमचं जहाज सित्र्याला लागलं. महिना मार्च. लाँचवर शिवदास होता, मिशा पिकलेल्या. त्यानं आर्विड्सला ओळखलं आणि असा ओरडला की दोर पाण्यात पडला. आत्ता आम्ही त्याच अंगणात आहोत. हुस्ना म्हातारी झाली आहे. उंबऱ्यात एक पोर उभी आहे, रखमाचाच तोंडवळा, आर्विड्सकडे बघत इंग्रजीत विचारतेय, "हू इज ही?" तिला उत्तर द्यायला रखमाला वेळ नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि पळत जाऊन जतची पेंढी आणली. आता ती जुडी बांधते आहे, आणि खुंटीवर पितळेचा नवा मुखवटा टांगलेला असताना तिनं तो खाली काढलेला नाही.

"अगो, शिमग्यात गवर?" शिवदास म्हणतोय. "गाववाले हसतले."

"हसांदेत," रखमा म्हणाली. "लेक काय पंचांग बघून माहेराक येता?"

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे एखादं बंद पडलेलं परकं नाणं असेल तर त्याची किंमत काय येईल ते नंतर विचारा. आधी त्याला जरा पुसा आणि बोलतं करा. माझं म्हणाल तर मला आता उसंत नाही. मी माहेरी आले आहे.